तोच फाऊल, मग कार्ड वेगळे का?

धोकादायक खेळ, पंचांचा निर्णय आणि कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्यांचा न संपणारा वाद

- प्रतिनिधी

बिद्री (ता. कागल) - दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या या गावात थंडीची चाहूल लागली, की दोन हंगामांची चर्चा एकाच वेळी सुरू होते. एक उसाच्या गळिताचा आणि दुसरा फुटबॉलचा. पहिला हंगाम गावाच्या दारात असतो. दुसऱ्यासाठी मात्र गारगोटी-कोल्हापूर रस्त्याने शहरातील राजर्षी शाहू स्टेडियम गाठावे लागते. सामना पाहून परतलेली तरुण मंडळी दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर जमतात, तेव्हा गोल कोणी आणि कसा केला यावरची चर्चा पहिल्या कपातच संपते. दुसरा कप मागवला जातो तो पंचांच्या नावाने. "त्याला पिवळं दिलं, मग आमच्या पोराला लाल कसं काय?" हा तो प्रश्न. हंगाम बदलतो, संघ बदलतात, पंचही बदलतात. प्रश्न मात्र बदलत नाही.

या प्रश्नात आपल्या संघाबद्दलचा पक्षपात असतो, हे खरे. तथापि त्यात एक रास्त मुद्दाही आहे. एकाच प्रकारच्या गुन्ह्याला एकच शिक्षा असावी, ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. मात्र 'एकच प्रकार' म्हणजे नेमके काय, हे ठरविताना प्रेक्षक एका गोष्टीकडे पाहतात आणि नियमपुस्तक दुसऱ्याच गोष्टीकडे. वादाचे मूळ बहुतेक वेळा या फरकात असते.

कुस्तीचा निकाल आणि फुटबॉलचा निर्णय

कोल्हापूरचा फुटबॉल समजून घ्यायचा, तर तालीम समजून घ्यावी लागते. संस्थानकाळापासून या शहरात कुस्तीला राजाश्रय लाभला. पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या आणि पुढे याच तालमी व तरुण मंडळांनी फुटबॉल संघ जोपासले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी अशी नावे घेतली, की कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर केवळ संघ नव्हे, तर पेठ, गल्ली आणि तिथली माणसे उभी राहतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या म्हणजे 'केएसए'च्या लीग सामन्यांना आणि त्यानंतरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांना होणारी गर्दी हे या जिव्हाळ्याचेच फळ. विश्वचषकाच्या काळात याच पेठा ब्राझील, अर्जेंटिना आणि जर्मनीच्या झेंड्यांनी सजतात.

परंतु तालमीच्या या वारशाबरोबर निकालाविषयीची एक सवयही आली असावी. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले, की मल्ल चितपट. पाठीला लागलेली माती लांबूनही दिसते आणि वादाला फारशी जागा उरत नाही. फुटबॉलमध्ये चेंडूने गोलरेषा ओलांडली की नाही, हा असाच वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. फाऊलचे तसे नाही. तिथे पंचाला घटना तर पाहावी लागतेच. शिवाय त्या घटनेत किती धोका होता, याचे मोजमाप करावे लागते, तेही क्षणार्धात आणि स्वतः धावत असताना. चितपटीचा निकाल पाहावा, त्या नजरेने आपण टॅकलवरचा निर्णय पाहतो आणि मग निराश होतो.

नियमातील तीन पायऱ्या

फुटबॉलचे नियम ठरविण्याचे काम 1886 मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळ करते. एकूण सतरा नियमांपैकी बारावा नियम फाऊल आणि गैरवर्तनाचा. खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला लाथ मारली, पाडले, ढकलले किंवा टॅकल केले, तर त्या कृतीचे वजन पंचाने तीन पायऱ्यांवर करायचे असते.

पहिली पायरी निष्काळजीपणाची. खेळाडूने पुरेशी खबरदारी घेतली नाही, एवढाच दोष असेल तर फ्री किक पुरेशी. कार्डाची गरज नाही. दुसरी पायरी बेदरकारपणाची. आपल्या कृतीने समोरच्याला धोका आहे, याची पर्वा न करता खेळाडू गेला, तर पिवळे कार्ड. तिसरी पायरी अवाजवी बळाची. आवश्यकतेपेक्षा जास्त ताकद वापरून प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणली, तर लाल कार्ड. चेंडूसाठीच्या झुंजीत असे घडले, तर त्याला 'गंभीर फाऊल' म्हटले जाते. एका किंवा दोन्ही पायांनी, समोरून, बाजूने किंवा मागून झेप घेऊन केलेले जीवघेणे टॅकल याच सदरात मोडते.

कोणते टॅकल कोणत्या पायरीवर बसते, हे ठरविताना पंच काही ठराविक गोष्टी पाहतात. खेळाडू किती अंतरावरून आणि किती वेगाने आला? पाय वाकलेला होता की ताठ? बुटाचे स्टड समोरच्याकडे रोखलेले होते काय? स्पर्श पावलाला झाला, घोट्याला की नडगीला? दोन्ही पाय जमिनीपासून सुटले होते काय? आणि मुख्य म्हणजे, चेंडू खेळण्याची खरोखर संधी होती काय? गॅलरीतून पाहणाऱ्याला दोन टॅकल सारखीच दिसतात, कारण दोन्ही वेळा खेळाडू पडलेला असतो. पंच मात्र पडणे पाहत नसतो. पाडणाऱ्याचा पाय पाहत असतो. किमान त्याने तो पाहावा, अशी अपेक्षा असते.

सारखेच टॅकल, तरीही वेगळे कार्ड

याशिवाय, दोन टॅकल अगदी एकसारखी असली तरी कार्ड वेगळे असू शकते आणि तरीही दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. ही गोष्ट अनेक जाणकार प्रेक्षकांच्याही लक्षात येत नाही.

एखाद्या खेळाडूचा तो सामन्यातील पहिला फाऊल असेल, तर पंच समज देऊन सोडू शकतो. दुसऱ्याचा तो चौथा असेल, तर वारंवार नियमभंगासाठी पिवळे कार्ड निघते, जरी तो फाऊल किरकोळ असला तरी. मध्यरेषेजवळ निरुपद्रवी ठरणारे शर्ट ओढणे आशादायक चढाई रोखण्यासाठी असेल, तर पिवळे. गोलची उघड संधी हिरावून घेतली असेल, तर लाल. या शेवटच्या नियमातही 2016 मध्ये बदल झाला. पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात फाऊल घडला, तर पेनल्टीबरोबर आता लाल नव्हे, पिवळे कार्ड दाखविले जाते. कारण पेनल्टीमुळे हिरावलेली संधी परत मिळालेली असते.

म्हणजे कार्ड कृतीवर अवलंबून असते, तसेच ते जागेवर, चढाईच्या स्थितीवर आणि त्या खेळाडूच्या आधीच्या वागणुकीवरही अवलंबून असते. 'तोच फाऊल' असे म्हणताना यांतील किती गोष्टी खरोखर 'त्याच' होत्या, हे तपासले तर निम्मे वाद गाड्यावरच मिटतील.

'धोकादायक खेळ' म्हणजे नेमके काय?

आणखी एक गोंधळ शब्दाचा आहे. प्रेक्षक कोणत्याही आडदांड टॅकलला 'डेंजरस प्ले' म्हणतात. नियमपुस्तकातील धोकादायक खेळ हा त्यापेक्षा सौम्य आणि वेगळा प्रकार आहे. चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात एखाद्याला, म्हणजे प्रसंगी स्वतःलाही, इजा होण्याची भीती निर्माण करणे आणि त्या भीतीमुळे जवळच्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू खेळता न येणे, असा त्याचा अर्थ. डोक्याच्या उंचीवरील चेंडूला कोणी पाय लावला आणि समोरच्याने हेडर मारण्याऐवजी मान मागे घेतली, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. उलट कमरेएवढ्या चेंडूला हेडर मारण्यासाठी कोणी वाकून डोके लाथेच्या वाटेत घातले, तर धोका निर्माण करणारा तो स्वतःच ठरू शकतो.

अशा वेळी स्पर्श झालेला नसेल, तर इनडायरेक्ट फ्री किक दिली जाते. पंचाचा हात डोक्याच्या वर उभा राहतो आणि चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा खेळाबाहेर जाईपर्यंत तो तसाच राहतो. स्पर्श झाला, की प्रकरण बदलते. मग डायरेक्ट फ्री किक किंवा पेनल्टी, आणि वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांचे मोजमाप सुरू होते. 'सिझर किक' किंवा 'बायसिकल किक' मारणे हा मुळात गुन्हा नाही. जवळ प्रतिस्पर्धी असेल आणि त्याला धोका असेल, तरच तो गुन्हा ठरतो. मोकळ्या जागेत टाळ्या मिळविणारी किक गर्दीत फ्री किकला कारण ठरते, ती यामुळेच.

दोन दिवस, दोन उंच बूट

हा वाद कोल्हापूरपुरताच आहे, असे समजण्याचे कारण नाही. जगातील सर्वांत श्रीमंत लीगमध्ये, उत्तमोत्तम पंच असतानाही तो तितक्याच तावातावाने होतो. 9 सप्टेंबर 2017 रोजी इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल यांच्यातील सामन्यात लिव्हरपूलचा सादियो माने उंच उडालेल्या चेंडूमागे धावला. त्याची नजर चेंडूवर होती. समोरून गोलरक्षक एडरसन डोके पुढे करून आला आणि मानेचा बूट त्याच्या चेहऱ्यावर बसला. एडरसनला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. मानेला लाल कार्ड दाखविण्यात आले आणि सिटीने सामना 5-0 असा जिंकला. दुसऱ्याच दिवशी स्वान्सी विरुद्ध न्यूकॅसल सामन्यात न्यूकॅसलच्या मॅट रिचीचा उंच बूट आल्फी मॉसनला लागला. रिचीला पिवळ्या कार्डावर सोडण्यात आले.

दोन दिवसांत एकाच लीगमध्ये दोन उंच बूट आणि दोन रंग. पुढचे कित्येक दिवस चर्चेला दुसरा विषय नव्हता. मानेची बाजू घेणारे म्हणत होते, की तो चेंडूकडे पाहत होता, त्याचा हेतू वाईट नव्हता. विरोधकांचे म्हणणे होते, की चेहऱ्याच्या उंचीवर वेगाने बूट नेणाऱ्याने समोर माणूस असू शकतो, याचा विचार करायलाच हवा. नियम दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे. परंतु तो नियम मानेला लागू होत असेल, तर रिचीला का नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. चाहत्यांची तक्रार दर वेळी अज्ञानातून येते असे नाही, हेही त्यातून दिसून आले.

तीन लाडक्या समजुती

या वादांत तीन युक्तिवाद हमखास पुढे येतात. तिन्ही तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला, 'त्याने आधी चेंडू घेतला.' चेंडूला आधी स्पर्श झाला म्हणून पुढचे सर्व माफ, असे नियमात कुठेही नाही. चेंडू घेऊन त्याच झेपेत नडगीवर स्टड रोवले, तर ते लाल कार्डास पात्र ठरू शकते.

दुसरा, 'त्याचा हेतू नव्हता.' फाऊलसाठी हेतू सिद्ध होण्याची अट नियमातून नव्वदच्या दशकातच गेली. 23 फेब्रुवारी 2008 रोजी बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरने आर्सेनलच्या एदुआर्दोवर सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली असताना टॅकल केले. एदुआर्दोचा पाय मोडला आणि त्याला जवळपास वर्षभर मैदानाबाहेर राहावे लागले. टेलर हा वाईट वृत्तीचा खेळाडू नाही, असे अनेकांनी सांगितले आणि ते खरेही असेल. परंतु लाल कार्ड हे स्वभावाचे प्रमाणपत्र नसते. ते त्या एका कृतीतील धोक्याबद्दल असते.

तिसरा युक्तिवाद याच्या उलट बाजूचा आहे. 'पाय मोडला, म्हणजे लाल कार्ड हवेच.' 3 नोव्हेंबर 2019 रोजी एव्हर्टन आणि टॉटनहॅम यांच्यातील सामन्यात सोन ह्युंग-मिन याने आंद्रे गोमेसला मागून टॅकल केले. पंचाने आधी पिवळे कार्ड काढले. गोमेसच्या घोट्याची भीषण अवस्था दिसल्यानंतर ते लाल झाले. दोन दिवसांनी अपिलात हे लाल कार्ड रद्द करण्यात आले. दुखापत भयंकर होती. टॅकल मात्र तितके भयंकर नव्हते. गोमेस पडताना दुसऱ्या एका खेळाडूवर आदळला होता. शिक्षा कृतीची करायची, परिणामाची नव्हे, हे तत्त्व यातून स्पष्ट झाले. याच तत्त्वाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. भयंकर टॅकल चुकून कोणाला लागले नाही, तरी ते भयंकरच राहते. आपल्याकडे खेळाडू उठून धावू लागला, की 'काही झालं नाही' म्हणून कार्डाला आक्षेप घेतला जातो. तो आक्षेप नियमाला धरून नाही.

पंचाच्या डोळ्यांना काय दिसते?

नियम स्पष्ट असले, तरी ते पाहणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून असतात. 8 जुलै 1982 रोजी सेव्हिल येथे पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषकाची उपांत्य लढत झाली. जर्मन गोलरक्षक हाराल्ड शूमाखर पुढे झेपावत आलेल्या पॅट्रिक बातिस्तोंवर आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला. त्याचे दात तुटले आणि मणक्याला इजा झाली. पंच चार्ल्स कॉर्व्हर यांनी फाऊलसुद्धा दिला नाही. खेळ गोल किकने सुरू झाला. पुढे याच शूमाखरने पेनल्टी शूटआऊटमध्ये दोन फटके अडविले आणि जर्मनी अंतिम फेरीत गेली.

2010 च्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या नायजेल डी याँगने स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बूट रोवला. पंच हॉवर्ड वेब यांनी पिवळे कार्ड दाखविले. आपल्याला ती घटना नीट दिसली नव्हती आणि ते लाल कार्डच होते, असे त्यांनी नंतर मान्य केले. जगातील सर्वांत मोठा सामना, त्या वेळचे अव्वल पंच, आणि तरीही मध्ये आलेल्या एका खेळाडूने दृष्टी अडविली, की निर्णय बदलतो.

कार्डांचा जन्मही अशाच गोंधळातून झाला. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिन याला बाहेर काढण्यात आले. जर्मन पंच आणि स्पॅनिश बोलणारा कर्णधार यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. रात्तिन कित्येक मिनिटे मैदान सोडेना. स्पर्धेतील पंचांचे प्रमुख केन अ‍ॅस्टन यांना वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना सुचली आणि 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली. कार्डांमुळे निर्णय सर्वांना कळू लागला. तो का घेतला, हे मात्र कार्ड सांगत नाही. आजचा वाद त्या 'का'चा आहे.

कॅमेरा आला, वाद राहिला

2018 च्या रशियातील विश्वचषकात व्हिडिओ साहाय्यक पंच म्हणजे 'व्हीएआर' आले. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखविलेले कार्ड, या चारच बाबतींत आणि तेही चूक स्पष्ट असेल तरच हस्तक्षेप, अशी तेव्हा मर्यादा होती. शूमाखर किंवा डी याँगसारखे प्रसंग त्यामुळे सुटून जाण्याची शक्यता पुष्कळ कमी झाली. परंतु 'स्पष्ट चूक' कशाला म्हणायचे, यावर नवा वाद सुरू झाला. शिवाय संथ गतीने दाखविलेले टॅकल प्रत्यक्षापेक्षा अधिक क्रूर वाटते, असाही आक्षेप आहे. पायाचा स्पर्श कोठे झाला, हे संथ चित्रणात कळते. जोर किती होता, हे कळण्यासाठी मूळ गतीच पाहावी लागते.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी वेगळा. 'इंडियन सुपर लीग'मध्येही 3 मार्च 2023 रोजी बंगळूर येथील बाद फेरीच्या सामन्यात सुनील छेत्रीने घेतलेल्या झटपट फ्री किकवरील गोल पंचांनी मान्य करताच केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. मदतीला व्हीएआर नव्हते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने केरळला चार कोटी रुपयांचा दंड केला आणि त्यांच्या प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली. देशातील अव्वल लीगची ही स्थिती असेल, तर स्थानिक स्पर्धेत डझनभर कॅमेऱ्यांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तिथे पंच, त्याचे दोन साहाय्यक आणि चौथा पंच यांच्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

गॅलरीचा आवाज

या डोळ्यांवर कानांचाही परिणाम होतो. इंग्लंडमधील संशोधक नेव्हिल, बाल्मर आणि विल्यम्स यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 40 प्रशिक्षित पंचांना एका सामन्यातील 47 टॅकल व धडका चित्रफितीवर दाखविण्यात आल्या. काहींनी त्या प्रेक्षकांच्या आवाजासह पाहिल्या, काहींनी आवाज बंद करून. आवाजासह पाहणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाऊल दिले. चित्र तेच, नियम तेच. फरक फक्त आरड्याओरड्याचा होता.

शाहू स्टेडियमवर दोन्ही बाजूंना आपापल्या पेठेचे समर्थक असतात. प्रत्येक टॅकलवर एक गॅलरी कार्ड मागते आणि दुसरी शिट्टीलाच हरकत घेते. म्हणजे निर्णयात सातत्य हवे, असे ओरडून सांगणारा प्रेक्षकच ते सातत्य बिघडविण्यास हातभार लावत असतो. हुल्लडबाजी, हाणामारी आणि दगडफेकीचे प्रसंग कोल्हापूरच्या फुटबॉलने पाहिलेले आहेत. त्याची झळ अखेर खेळालाच बसते.

पणाला काय लागले आहे?

हा वाद केवळ कार्डांच्या रंगांचा असता, तर तो चहाबरोबर संपला असता. परंतु पणाला खेळाडूचा पाय लागलेला असतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पेठेच्या मैदानावरून निघालेली वाट कुठवर जाऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. बिद्री आणि परिसरातील मुले शहरात येऊन खेळण्याचे स्वप्न पाहतात, ते अशाच उदाहरणांकडे बघून. व्यावसायिक खेळाडूच्या मागे क्लब, डॉक्टर आणि विमा उभा असतो. हौशी खेळाडूच्या गुडघ्याचा सांधा निकामी झाला, तर हंगामाबरोबर त्याचे शिक्षण, नोकरी आणि घरची मिळकतही अडचणीत येऊ शकते. शस्त्रक्रियेचा खर्च पेठेने वर्गणी काढून भागविला, तरी गेलेला वेग परत येईलच असे नाही.

म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांतील जीवघेण्या टॅकलला 'सामना नुकताच सुरू झालाय' म्हणून समज देऊन सोडणे, हा औदार्याचा भाग मानता येत नाही. लाल कार्डाची कृती पहिल्या मिनिटाला असो वा नव्वदाव्या, ती लालच असली पाहिजे. पंचांकडून सातत्य मागायचे, तर ते सर्वप्रथम इथे मागायला हवे. थ्रो-इन कोणाचा, मध्यरेषेजवळ शर्ट ओढला की नाही, यात पंच चुकतील आणि ते सोसता येईल. खेळाडूच्या सुरक्षिततेची रेषा मात्र सामना कोणाचाही असो, एकाच जागी राहिली पाहिजे.

काय करता येईल?

त्यासाठी फार खर्चाची गरज नाही. हंगामापूर्वी पंच, प्रशिक्षक आणि कर्णधार यांनी एकत्र बसून गेल्या वर्षीच्या सामन्यांतील वादग्रस्त टॅकल चित्रफितीवर पाहावीत आणि या हंगामात कशाला काय शिक्षा होईल, हे आधीच स्पष्ट करावे. आज अनेक सामन्यांचे चित्रण मोबाइलवरही उपलब्ध असते. ते भांडणापेक्षा शिकण्यासाठी वापरता येईल. पंचांनीही सामन्यानंतर आपले निर्णय एकत्र तपासावेत. चूक मान्य करण्याने पंचाचा मान कमी होत नाही, हे वेब यांच्या उदाहरणावरून दिसतेच.

2024 च्या युरो स्पर्धेत पंचाशी केवळ कर्णधारानेच बोलावे, असे धोरण राबविण्यात आले. त्यामुळे निर्णयानंतर पंचाभोवती पडणारा गराडा कमी झाला आणि कर्णधाराला कारण सांगण्याची सोयही झाली. पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटे मैदानाबाहेर बसविण्याची पद्धत इंग्लंडमधील स्थानिक फुटबॉलमध्ये 2019 पासून रूढ आहे. यांतील पहिली सूचना तर उद्याच्या सामन्यापासून अमलात आणता येण्याजोगी आहे. त्याला पैसे लागत नाहीत. संघांची तयारी लागते.

प्रेक्षकांचा वाटा त्याहून सोपा आणि त्याहून अवघड आहे. आपल्या खेळाडूने केलेल्या टॅकलचा विचार, तेच टॅकल आपल्या खेळाडूवर झाले असते तर, असा करून पाहणे. बिद्रीच्या चहाच्या गाड्यावरचा वाद यामुळे थांबणार नाही आणि थांबूही नये. वादाशिवाय फुटबॉल बेचव होईल. फक्त 'आमच्या पोराला लाल कसं काय?' या प्रश्नाबरोबर 'त्या पोराचा पाय बरा आहे ना?' हा प्रश्नही त्याच गाड्यावर विचारला गेला, तर पुढच्या हंगामात दोन्ही पोरे मैदानात दिसतील.